विडा घेतलेला माणूस

बळीरामकाकानं माझ्या बाबांना फसवलं, नंतर मला फसवलं, आणि या दोन्हींच्या मध्ये मी बाबांना फसवलं. हे आधीच सांगून टाकते. तांदळाच्या धंद्यात जन्म काढल्यावर मला एवढं कळलं आहे, की पोत्यात खडे असतील तर गिऱ्हाइकानं काढून दाखवण्याआधी आपणच दाखवलेले बरे. मग पुढचं बोलणं सरळ होतं. बळीरामकाकाला मी समोर नेहमी 'तुमी' म्हटलं, पण इथं तो एकेरीतच येईल. माझ्या मुलाला हे आवडलेलं नाही. तो म्हणतो, माणूस नव्वदीला आला, आता सोड. मी म्हटलं, तुले सोडायचं तर तू सोड, तुह्यापाशी धरलेलं काय हाये?

आमचं घर तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. दोन खोल्या, पुढे सपरी म्हणजे ओसरी, मागे वाडी आणि वाडीच्या कुंपणावर पोपटाच्या, म्हणजे वालासारख्या शेंगांचा वेल. धानाच्या चार बांध्या होत्या, त्या तलावाच्या पाण्यावर पिकत. पिकलं ते घरात खायचं. वरखर्चासाठी माय आणि मी मोहफुलं, लाखोळीची डाळ आणि वाडीतली भाजी टोपलीत घालून आठवड्याच्या बाजारात बसायचो. बाजारात मँगनीजच्या खाणीवरचे लोक यायचे. मी बारा वर्षांची होते तेव्हापासून मायनं भाव सांगायचं काम माझ्याकडे दिलं होतं, कारण ती मऊ होती आणि मी नव्हते. कोणी टोपलीतल्या शेंगा चिवडून नाक मुरडलं, तर मी त्याच्या हातातून शेंगा काढून घ्यायची आणि म्हणायची, जा, पुढं चांगल्या भेटतीन. तो दोन पावलं जायचा आणि परत यायचा. मला वाटायचं, जगात सगळंच असं असतं. आपण ताठ राहिलं की समोरचा परत येतो.

घरात सर्वांत मोठी जागा बाबांच्या सामानाला होती. डफ, तुणतुणं, घुंगरांच्या माळा आणि गाण्यांची वही. बाबा खडी गंमतीचे शाहीर होते. लक्ष्मण शाहीर म्हणून आसपासच्या गावांत त्यांना ओळखत, गावात मात्र सगळे 'शायर' म्हणत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईत दिवसाउजेडी खडी गंमत होते. एक शाहीर, एक ढोलकीवाला, तुणतुण्यावर एक जण, लुगडं नेसलेले दोन नाचे आणि एक सोंगाड्या. दसरा झाला की आमच्या सपरीत तालीम सुरू व्हायची. चुलीतून काढलेल्या निखाऱ्यांवर बाबा डफ शेकायचे, त्याचा चामड्याचा वास आणि मायच्या फोडणीचा वास एकमेकांत मिसळायचा. ढोलकी बळीरामकाका वाजवायचा. तो बाबांच्या बरोबरीचा, एका पाटीवर शिकलेला. अंगणात पाय ठेवायच्या आधीच त्याचा आवाज यायचा, "काय गा शायरा, भात शिजला का नाई?" माय त्याला पहिलं ताट वाढायची. वाळलेल्या झिंग्यांची चटणी, लाखोळीची पातळ डाळ आणि बरा दिवस असला तर पळसाच्या पानात भाजलेला पानगा. पानग्याची करपलेली कड तो माझ्यासाठी मोडून ठेवायचा, कारण मला तीच आवडायची. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर माझा राग इतका टिकला नसता.

गंमतीची एक रीत होती. ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. गंमत सुरू करण्याआधी शाहीर पुढे बसलेल्या मानकऱ्याला पानाचा विडा देतो. विडा हातात घेतला, की आज तू माझ्याबद्दल काहीही बोल, मी राग धरणार नाही आणि उद्या तोंडातून काढणार नाही, असं कबूल केल्यासारखं होतं. ज्याला ऐकायचं नाही त्यानं विडा परत करावा आणि उठून जावं. पण परत करणाऱ्यावर गाव वर्षभर हसायचं, म्हणून कोणी परत करत नसे. मालगुजारीच्या काळात माझ्या आजोबांनी मालगुजाराच्या कंजूषपणाचं सोंग त्याच्याच समोर आणलं होतं, आणि तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला होता, असं बाबा सांगायचे. हसून झाल्यावर मानकरी शाहिराला नारळ देतो आणि तिथं ते संपतं. वर्षातून एकदा, दोन-तीन तास, आमच्या गावात कोणीही कोणालाही भीत नसे. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नव्हती. कोणी मोडलेलीही नव्हती.

बळीरामकाका सरपंच झाला तो बाबांच्या गाण्यावर. निवडणुकीच्या वेळी बाबांनी त्याच्यासाठी गाणं जोडलं आणि स्वतः घरोघरी डफ घेऊन फिरले. ढोलकी अर्थात त्याचीच. पहिल्या वर्षी तो चांगलाच वागला. शाळेची पडलेली भिंत उभी केली, तलावाची पाळ दुरुस्त केली, आणि रात्रीचा भात पूर्वीसारखाच आमच्याकडे खाल्ला. मग हळूहळू कमी झालं. एका दिवशी कमी झालं असतं तर आम्हाला कळलं असतं. आधी तो तालमीला उशिरा यायला लागला. मग ढोलकीवर त्यानं दुसरा माणूस दिला. मग त्याच्या दारात जीप थांबू लागली, आणि जीपमधून उतरणाऱ्या साहेबांसाठी त्यानं गादीची खुर्ची आणली. साहेब गेल्यावर त्या खुर्चीत तो स्वतः बसू लागला. बाबांशी काम असलं की कोतवालाला पाठवायचा, शायराला बोलावलं म्हणून. बाबा जायचे. माय म्हणायची, त्याले पाय नाई का? बाबा म्हणायचे, त्याले काम राहते व. एकदा मायनं पानगा करून माझ्या हाती पाठवला. तो कोणाशी तरी बोलत होता. त्यानं माझ्याकडे न बघता कपाटाकडे बोट दाखवलं, तिकडं ठेव. मी ठेवला आणि घरी येऊन मायला सांगितलं, की काकानं लगेच खाल्ला.

मग आणीबाणी आली. ती आली तेव्हा आम्हाला काही कळलं नाही. खाणीवरचे लोक बाजारात कमी बोलायला लागले, त्यांच्यातला एक मोठ्यानं बोलणारा माणूस दिसेनासा झाला, एवढंच मला कळलं. पुढच्या वर्षी नसबंदीचे कॅम्प सुरू झाले. वरून आकडा यायचा, आणि ज्या सरपंचाची माणसं जास्त त्याचं वरती नाव व्हायचं. बळीरामकाकाला तालुक्याचा सभापती व्हायचं होतं. त्यानं तपासायला म्हणून सगळ्या गावाची रेशनकार्डं गोळा केली आणि आपल्या कपाटात ठेवली. कॅम्पला जाऊन आलेल्याला कार्ड परत मिळायचं. साखर नसली तर चालतं, पण रॉकेलशिवाय घर अंधारात बसतं. लोक गेले. पाच लेकरांचे बाप गेले, म्हातारे गेले. आणि मग उकंडा गेला.

उकंडा गावाची गुरं राखायचा. आईबाप नव्हते, बावीस-तेवीस वर्षांचा असेल. येत्या उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं होतं आणि तो ते गुरांनासुद्धा सांगत फिरायचा. आकड्याला माणूस कमी पडत होता, म्हणून त्याला जीपमध्ये बसवून नेलं. लायसनसाठी डॉक्टरी तपासणी आहे, असं सांगितलं म्हणे. कसलं लायसन, ते त्यानं विचारलं नाही, त्याला फक्त जीपमध्ये बसायचं होतं. आठ दिवसांनी मुलीकडच्यांनी लग्न मोडलं. उकंडा आमच्या सपरीत येऊन बसला आणि बाबांना म्हणाला, "शायर, तुमी सरपंचाले बोला ना. ते परत जोडून देतीन." बाबांनी त्याला भात वाढायला सांगितलं. तो जेवून गेल्यावर बाबांनी वही काढली.

मायला लगेच कळलं. ती म्हणाली, यंदा सासूसुनेचं सोंग आणा, लोकांना तेच आवडते. बाबा लिहीत राहिले. मग ती म्हणाली, दिवस बरे नाहीत. तेव्हा बाबांनी मान वर केली.

"विडा घेतला का मंग काय करते तो? बळीरामच हाये, कलेक्टर नाई."

या वाक्यावर मी आजवर फार विचार केला आहे. बाबा भोळे नव्हते. त्यांना पोलीस ठाऊक होते, तुरुंग ठाऊक होता. पण सरकारला एका बाजूला आणि विड्याला दुसऱ्या बाजूला ठेवलं, तर विडा जड भरेल असं त्यांना वाटलं. ही चूक आमच्या मुलखातलाच माणूस करू जाणे.

मंडईच्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. जिलेबीची कढई, फुगेवाले, मातीच्या बैलांचा ढीग, आसपासच्या गावांतून आलेल्या बायका. पहिल्या रांगेत गादीची खुर्ची मांडली होती, तीत बळीरामकाका, आणि त्याच्या शेजारी साध्या खुर्चीत ठाण्याचा जमादार. बाबा डफ काखेत धरून पुढे गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी विडा दिला. बळीरामकाकानं आधी जमादाराकडे पाहिलं, मग लोकांकडे. मग विडा घेतला आणि तोंडात टाकला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी जिलेबीच्या कढईपाशी उभी होते.

सोंग बैलबाजाराचं होतं. दोन्ही नाचे बैल झाले होते आणि सोंगाड्या दलाल. दलालाला मोठा मालक व्हायचं असतं, आणि मोठ्या मालकाची अट अशी, की जितके बैल खच्ची करून आणशील तितकी तुझी खुर्ची उंच. दलाल म्हातारे बैल आणतो, आजारी आणतो, तरी खुर्ची बुटकीच. शेवटी तो एका गोऱ्ह्याला ओढून आणतो. बाबा विचारतात, "अरे, हा तं अजून जोतालेही नाई लागला." दलाल म्हणतो, "शिंग हायेत ना? मंग लिव त्याचं नाव."

आधी कोणी हसलं नाही. मग मागून कोणी तरी एकटाच हसला. उकंडा होता. भिंतीला टेकून उभा होता आणि खांदे हलवत हसत होता. त्यानंतर सगळी मंडई हसली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. जमादारसुद्धा मिशीत हसला आणि लगेच थांबला. बळीरामकाका शेवटपर्यंत बसला, उठला, बाबांना नारळ दिला आणि म्हणाला, "झकास, शायरा." रीत पूर्ण झाली. घरी येऊन बाबांनी तो नारळ देवापुढे ठेवला आणि मायला म्हणाले, पाहिलं?

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप आमच्या दारात आली. बाबा धान कापायला जाण्याआधी शिळा भात खात होते. माय जमादाराला म्हणाली, जेवू द्या. त्यानं जेवू दिलं. बाबांनी ताटात एक शीत ठेवलं नाही, हात धुतले, विळा जागेवर अडकवला आणि मला म्हणाले, "पळ, बळीरामले सांग मले नेऊन राहिले म्हनून. तो येईल."

मी पळाले. बळीरामकाका अंगणात करंजाच्या काडीनं दात घासत होता. मी धापा टाकत सांगितलं. त्यानं थुंकी टाकली.

"माहीत हाये मले," तो म्हणाला, आणि पुन्हा दात घासायला लागला.

फिर्याद त्याचीच होती. कोणत्या कायद्याखाली नेलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. विचारायला माय तीनदा ठाण्यात गेली, तेव्हा वरून आदेश आहे एवढं उत्तर मिळालं. बाबांना जिल्ह्याच्या तुरुंगात ठेवलं होतं.

पुढचे दिवस मला आवाजांवरून आठवतात, म्हणजे जे आवाज थांबले त्यांवरून. सपरीत कोणी येईना. तुणतुणंवाला आपलं तुणतुणं न्यायला आला आणि मायच्या हातचं पाणीही न पिता गेला. दोन्ही नाचे नातेवाइकांकडे निघून गेले. सोंगाड्या घरातच होता, पण मी दारावरून गेले की आतून कडी लागायची. विहिरीवर बायका माझ्यासाठी जागा करून द्यायच्या. ती जागा इतकी मोठी असायची, की मला दोर टाकताना लाज वाटायची. बाजारात खाणीवरची माणसं आमच्या टोपलीपाशी थांबायची, माझं तोंड पाहायची आणि पुढे जायची. मी ताठ बसून राहायची. कोणी परत आलं नाही. शेंगा टोपलीतच वाळल्या. धान आम्ही दोघींनी कापलं. माय कापताना बोलायची नाही आणि मला बोलल्याशिवाय राहवायचं नाही, म्हणून मी बांधीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मोठमोठ्यानं बळीरामकाकाला शिव्या द्यायची. ऐकायला फक्त बगळे होते. आता दुकानात दिवसभर माणसं असतात, फोन वाजत असतो, तरी कधी कधी दुपारी मला ती बांधी आठवते, आणि उगाच कोणाला तरी हाक मारावीशी वाटते.

धान घरात आलं, तरी बाबा आले नाहीत. मग एके दुपारी मी मायला न सांगता बळीरामकाकाकडे गेले. सौदा करायला गेले होते, भीक मागायला नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं. तो गादीच्या खुर्चीत होता. मला बस म्हणाला. मी उभी राहिले.

मी त्याला विड्याची आठवण करून दिली. तो रागावला नाही, उलट थकल्यासारखा दिसला.

"सुगंधे, माह्या इज्जतीचं मले काही नाई," तो म्हणाला. "पण त्या दिवसापासून एक मानूस कॅम्पले येत नाई. जीप पाहून लोक हसतात. हसलेला मानूस मंग भीत नाई व. वरती मी काय सांगू?"

हे त्यानं खरं सांगितलं. त्याच्याकडून मी ऐकलेलं ते शेवटचं खरं बोलणं. मग त्यानं भाव सांगितला. बाबांनी माफीनामा लिहून द्यायचा. मी सरकारविरुद्ध खोटं पसरवलं, यापुढे गंमत करणार नाही, असा. आठ दिवसांत सुटका. मी म्हटलं, ते सही करणार नाहीत. तो म्हणाला, मग राहू दे तिथंच, थंडी वाढून राहिली आहे. मी जायला निघाले. दोन पावलं टाकली. मला वाटलं, हाक मारेल. त्यानं मारली नाही. मीच परत फिरले, आणि तिथंच मी सौदा हरले, पण ते मला तेव्हा कळलं नाही. मी घासाघीस केली. आमचं रेशनकार्ड परत पाहिजे. दिलं. माफीनाम्याचा कागद कोणाला दाखवायचा नाही, वाचायचा नाही, कपाटात कुलपात राहील. तो म्हणाला, राहील.

"जबान द्या."

"देल्ली जबान," तो म्हणाला. "माह्या लेकीसारखी हायेस तू."

कार्ड पोलक्यात आणि ग्रामसेवकाच्या अक्षरातला कागद पिशवीत घालून मी घरी निघाले तेव्हा मला फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं. सतरा वर्षांची पोर सरपंचाकडून दोन अटी कबूल करून घेते, म्हणजे काय.

बळीरामकाकाच्या चिठ्ठीवर मला तुरुंगात भेट मिळाली. एसटीनं एकटी गेले. जाळीपलीकडे बाबा आले तेव्हा त्यांची दाढी पांढरी झालेली होती. घरी ती काळी होती. मी कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि जाळीतून परत सरकवला. म्हणाले, धान किती झालं ते सांग. मी सांगितलं. म्हणाले, मायले सांग, मी बरा आहे. मग मी म्हटलं, "माय अंथरुनाले लागली, बाबा. उठत नाई. तुमचंच नाव घेऊन राहिली."

माय त्या वेळी घरी धान पाखडत होती.

बाबा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मी डोळे खाली केले नाहीत. बाजारात शिकलेलं तिथं कामाला आलं. त्यांनी कागद परत मागितला. आपल्या नावाआधी ते नेहमी 'शाहीर' लिहायचे, रॉकेलच्या पावतीवरसुद्धा. त्या कागदावर त्यांनी नुसतं नाव लिहिलं.

आठ दिवसांनी ते चालत आले. माय अंगणात उभी राहून सुपानं धान उडवत होती. तिनं सूप खाली टाकलं. बाबा दारातच थांबले आणि तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"बरी हायेस?"

"मले काय झालं?" माय म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाय धुतले आणि आत गेले. ते मला रागावले असते, मारलं असतं, तर मी सहन केलं असतं, भांडलेही असते. त्या दिवसानंतर ते माझ्याशी कामापुरतं तेवढं सगळं बोलले, पाणी आण, दार लाव, बैल बांध. बाकीचं नाही.

महिनाही झाला नाही आणि शाळेच्या मैदानात कॅम्पची सभा भरली. तालुक्याचे साहेब आले होते. प्रत्येक घरातून माणूस आलाच पाहिजे, अशी दवंडी होती, म्हणून बाबा आले, मी आले. भाषणाच्या मध्येच बळीरामकाकानं खिशातून कागद काढला. मी घडीवरून ओळखला. त्यानं तो मोठ्यानं, सावकाश वाचला, सगळ्या गावासमोर, आणि शेवटी वाचलं, "शाहीर लक्ष्मण." तो शब्द कागदावर नव्हता. तो त्यानं आपल्या मनानं घातला. लोकांनी खाली पाहिलं. उकंडा मैदानाच्या कडेला उभा होता. तो पाठ फिरवून गुरांकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशीपासून लोक पुन्हा जीपमध्ये बसायला लागले.

मी त्याच्या घरी जाऊन ओरडले. तुम्ही जबान दिली होती, म्हटलं. तो म्हणाला, साहेबांनी मागितला, मी काय करणार? काकू मला धरून बाहेर घेऊन आल्या. मी त्यांच्याही अंगावर गेले, त्याचं आता वाईट वाटतं.

त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. निवडणूक झाली, सरकार पडलं. गावात गुलाल उडाला. तुणतुणंवाला आला, सोंगाड्या आला, दोन्ही नाचे आले. सगळे आमच्या सपरीत बसले आणि बाबांना म्हणाले, शायर, आता त्या बळीरामचं सोंग काढा, आता कोण धरते तुम्हाला. माय चहा घेऊन दारात उभी राहिली. ती हसत होती, कितीतरी दिवसांनी. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"सही माही हाये," ते म्हणाले.

लोकांनी समजावलं, की जबरदस्तीची सही सही नसते, ते सरकारच गेलं. बाबा म्हणाले, सरकारनं केली असती तर सरकारबरोबर गेली असती. मग ते उठून वाडीत गेले. डफ पुढे आठ-नऊ वर्षं खुंटीवर होता. त्याचं कातडं फाटलं ते वाजवून नाही. बाबा गेले तेव्हा मी तुमसरला दुकान टाकलं होतं, दोन पोरं झाली होती. शेवटच्या दिवशी मी उशाशी बसून त्यांना सांगितलं, की मी खोटं बोलले होते. त्यांना ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

बळीरामकाकानं सरकार बदलल्यावर महिन्याभरात पक्ष बदलला आणि सभापती झाला. नंतर पुन्हा बदलला. दोन वर्षांपूर्वी त्याचा सत्कार झाला, लोककलेचा आधारस्तंभ म्हणून. मला आमंत्रण होतं, कारण मंडपाचा तांदूळ माझ्या दुकानातून गेला होता. तो बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, की लक्ष्मण शाहिरासोबत मी ढोलकी वाजवली, ते आमचे मोकळेपणाचे दिवस होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गुडघ्यांना शिव्या देत उठले आणि जागेवरूनच विचारलं, "काका, मंग त्या शायरानं गाणं काहून सोडलं, तेही सांगा ना."

त्यानं मला ओळखलं. पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "बाई, जमाना तसा होता." पुन्हा टाळ्या पडल्या. एका कार्यकर्त्यानं मला खांद्याला धरून बसवलं.

नाही. जमान्यानं विडा तोंडात टाकला नव्हता. जमान्यानं मला जबान दिली नव्हती, आणि कागद वाचताना 'शाहीर' हा शब्दही जमान्यानं घातला नव्हता. साहेबांनी कागद मागितला असेल, तो शब्द मागितला नव्हता. मी माझ्या बापाशी खोटं बोलले. का बोलले आणि त्याचं काय झालं, हे मी इथं माझ्या नावानिशी लिहून दिलं आहे, कोणीही वाचावं. आता बळीरामकाकानं लिहून द्यावं. हात चालत नसेल तर नातवाला सांगावं, पण जमाना म्हणू नये, मी म्हणावं. मी वाट पाहते आहे, आणि तो जिवंत आहे तोवर मी त्याला सोडणार नाही.